पेपर टेप की जाळीची टेप? जिप्सम पार्टिशनच्या कोपऱ्याला काय लावायचं

सांगली-मिरजेकडं हल्ली दवाखाने, क्लासेस, ऑफिसची पार्टिशनं बरीचशी जिप्सम बोर्डचीच होतायत, आणि दुकानात नुसतं ‘जॉइंट टेप द्या’ (म्हणजे दोन बोर्डांच्या सांध्यावर लावायची टेप) म्हटलं की हातात येतो तो बहुतेक जाळीचा रोल. पेपर टेप पण जॉइंट टेपच, रुंदी पण तेवढीच, साधारण 50 मिमी, त्यामुळं लोकांना वाटतं की दोन्ही एकच, मिळेल ती घ्या. सपाट जॉइंटला एक वेळ चालून जाईल ओ, आतल्या कोपऱ्यात नाही चालत.

जाळीची टेप फायबरची, पाठीमागं गोंद असतो, बोर्डावर चिकटवली की वरून कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा लगदा, ओढायला मोकळे. काम पटापट उरकतं म्हणून मिस्त्री खूश. पण कोपऱ्यात दाबली तर ती पूर्ण आत बसतच नाही, कोपरा गोलसर दिसतो, आणि तो सरळ करायला कंपाउंड ओढायची पट्टी जरा जोरात ओढली की धागेच कापले जातात. शिवाय विणलेली असल्यामुळं थोडी ताणते, म्हणजे बोर्ड किंचित हलला तरी भेग वर यायला वाट मिळतेच.

पेपर टेपला मधोमध घडीची रेघ आधीच पाडलेली असते, बोटानं दुमडली की झाला काटकोन, आणि कागद ताणत नाही. कष्ट मात्र जास्त. आधी दोन्ही बाजूंना कंपाउंडचा पातळ थर, त्यात टेप बसवायची, पट्टीनं दाबून जादा माल बाहेर काढायचा, पण सगळाच काढायचा नाही, नाहीतर खाली कोरडं राहतं आणि वाळल्यावर फुगे येतात. वरचा थर देताना एक बाजू आधी, ती वाळली की दुसरी, दोन्ही एकदम करायला गेलं की पट्टीच्या टोकानं ओल्या बाजूवर चरे पडतात. घाईतला मिस्त्री इथंच कंटाळतो.

कंपाउंडचा पण फरक आहे. जाळी लावायचीच असेल तर पहिल्या थराला पाणी घालून कालवायचं पावडरवालं घ्या, ते घट्ट सेट होतं. बादलीतलं रेडीमिक्स नुसतं पाणी उडून वाळतं, आकसतं, जाळीसोबत कमजोर पडतं. पेपरला दोन्ही चालतात. व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी जॉइंटमध्ये भरू नका बरं का.

पार्टिशन जिथं विटांच्या जुन्या भिंतीला किंवा स्लॅबला भिडतं तिथं मात्र कुठलीच टेप फार दिवस टिकेल असं धरून चालू नका, दोन्ही वस्तू वेगवेगळ्या हलतात. तिथं बारीक फट सोडून अ‍ॅक्रिलिक सीलंट भरलेला बरा, त्यावर रंग बसतो, सिलिकॉनवर बसत नाही.

बाहेरच्या कोपऱ्याला नुसत्या टेपवर भागवू नका, खुर्ची लागली की टवका उडतो. तिथं कॉर्नर बीडच पाहिजे, म्हणजे कोपऱ्यावर बसवायची काटकोनी पट्टी, जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची नाहीतर पीव्हीसीची. सातारा-सांगली शहरात पत्र्याची चालते, पण महाबळेश्वरला, जिथं वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथं कापलेल्या टोकाला गंज धरून रंगावर पिवळे डाग येऊ शकतात, म्हणून मी पीव्हीसीच सांगेन.