वाहनातील गॅस गिझर

कॅरॅव्हॅन, मोटारहोम किंवा मुक्कामासाठी आतून सजवलेली व्हॅन यांत आंघोळीचे आणि भांडी धुण्याचे पाणी एलपीजीवर तापवणारे उपकरण. टाकी साधारण १० ते २३ लिटरची, जळण सिलिंडरमधले, ठिणगी आणि नियंत्रण १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि ज्योतीला लागणारी हवा गाडीच्या बाहेरची, अशी याची चार लक्षणे. घरच्या न्हाणीघरातला गॅस गिझर आणि हा यांत खरा फरक चौथ्या लक्षणाचा आहे, आणि नेमके तेच लक्षण स्वस्तात काम उरकणारे गाळतात.

याची रचना समजून घ्यायला पुण्याच्या वाचकाने कसबा पेठेतल्या तांबट आळीचा तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणावा. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, जाळीवर कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, नळीभोवती पाणी. वरून धूर, खाली राख, बाजूला तोटी. गाडीतल्या गिझरमध्येही टाकीच्या पोटातून जाणारी धूरनळीच पाण्याला उष्णता देते. अमेरिकी बनावटीत ही नळी वाकवून तिची दोन्ही तोंडे गाडीच्या एकाच बाजूच्या पत्र्यावर आणलेली असतात. एका तोंडाशी बर्नर, दुसऱ्यातून धूर बाहेर, आणि दोहोंवर मिळून एक जाळीचे झाकण. बंब अंगणात किंवा मोरीत धुमसायचा आणि कौलांच्या फटींतून घर श्वास घ्यायचे. गाडीला अशा फटी नसतात.

हवेचा हिशेब

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. भिंतीवर टांगायचा सहा लिटरचा घरगुती तात्काळ गिझर ढोबळमानाने १० किलोवॉटचा असतो, म्हणजे तो तासाला पाऊण किलोहून थोडा अधिक गॅस जाळतो आणि त्यासाठी दहा-अकरा घनमीटर हवा ओढतो. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या आत साधारण एवढीच हवा मावते. दोन-अडीच फूट लांबी-रुंदीच्या न्हाणीच्या कप्प्यात तर ती जेमतेम सव्वा घनमीटर असते. दार लावून आंघोळीला बसलेल्या माणसाच्या वाट्याची हवा हा गिझर सहा-सात मिनिटांत ओढून घेतो. त्याच्या कितीतरी आधी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या दुर्घटना दर थंडीत वाचायला मिळतात. तोच गिझर गाडीत बसवणे म्हणजे लहान न्हाणीघर आणखी लहान करणे होय. शिवाय तो पाण्याच्या दाबावर पेटतो. गाडीचा छोटा पंप धक्क्याधक्क्याने पाणी देतो, त्यामुळे ज्योत सारखी लागते-विझते. तरीही कमी किमतीला भुलून तो बसवलेला दिसतो.

वाहनासाठी मुद्दाम बनवलेल्या गिझरचा ज्वलनकक्ष आतल्या बाजूने पूर्ण बंद असतो. हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आणि आत बसलेल्यांचा या व्यवहाराशी संबंध येत नाही. अशा साठवणीच्या गिझरसाठी युरोपात ईएन १५०३३ हे मानक आहे.

प्रकार

जर्मनीत १९४९ साली सुरू झालेल्या ट्रुमा कंपनीचे १० आणि १४ लिटरचे बॉयलर, तसेच हवा आणि पाणी दोन्ही तापवणारी कॉम्बी यंत्रे युरोपीय गाड्यांत सर्रास असतात. स्वीडनच्या आल्डेच्या यंत्रात ग्लायकॉल (गोठणे रोखणारा द्रव) मिसळलेले पाणी गाडीभर फिरते. अमेरिकी गाड्यांत सबर्बन आणि ॲटवुड ही नावे जुनी. त्यांच्या टाक्या बहुधा सहा गॅलनच्या, म्हणजे पावणेतेवीस लिटरच्या. पहिलीची टाकी पोलादी आणि आतून काचेसारख्या लेपाची, दुसरीची ॲल्युमिनियमची. देखभालीत हा फरक फार मोठा ठरतो. डिझेलवर चालणारे तापकही असतात. त्यांचे बर्नर वेगळे, त्यांचा विचार येथे नाही.

कार्य

खटका दाबला की थर्मोस्टॅट पाणी गार असल्याचे कळवतो. नियंत्रण बोर्ड गॅसची सोलेनॉइड (विजेवर उघडणारी) झडप उघडतो आणि इलेक्ट्रोडवर ठिणग्या पाडतो. बाहेर उभे राहिल्यास आधी टकटक, मग ‘भप्प’ आणि नंतर सलग घरघर ऐकू येते. ज्योत लागली की नाही हे ज्योतच सांगते: तिच्यातला तप्त वायू वीज वाहू देतो, तीही एकाच दिशेने, आणि बोर्ड हा काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह ओळखतो. ठरलेल्या सेकंदांत तो मिळाला नाही तर गॅस बंद होतो. बरेच बोर्ड एक-दोनदा पुन्हा प्रयत्न करतात आणि मग लाल दिवा लावून गप्प बसतात. जुन्या यंत्रांत सतत तेवणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीत बसवलेले थर्मोकपल, म्हणजे तापले की किंचित वीज देणारी धातूंची जोडी, हेच काम २०-३० मिलिव्होल्टवर करते.

पाणी किती, गॅस किती? दहा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १,६७५ किलोजूल उष्णता लागते. दीड किलोवॉटच्या बर्नरला त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात आणि ४५ ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. हे पाणी अंगावर घेण्याजोगे नसते. तेवढेच गार पाणी विसण घातले की ४० अंशांची वीस लिटर, म्हणजे एक भरलेली बादली तयार होते. पाच किलोच्या सिलिंडरमध्ये अशा शंभर बादल्या निघाव्यात. शॉवर सोडून तांब्या-बादली वापरणाऱ्यांना हा हिशेब पटकन समजतो, आणि गाडीतले पाणीही त्यांनाच अधिक दिवस पुरते.

पाणी ६० अंशांपर्यंत तापताना दीड टक्क्याने फुगते. तेवीस लिटरच्या टाकीत हा फुगवटा जवळपास दोन फुलपात्र्यांएवढा होतो. त्याला जागा मिळावी म्हणून टाकीच्या माथ्याशी हवेची पोकळी राखलेली असते. काही महिन्यांत ही हवा पाण्यात विरघळून जाते आणि सुरक्षा झडप थेंबथेंब गळू लागते. ग्राहक झडप बदलून मागतो, दुकानदार आनंदाने बदलून देतो, आणि टाकी नव्याने भरताना पोकळी आपोआप परत तयार झाल्याने दोघांनाही वाटते की झडपच खराब होती. खरे तर गिझर गार करून, पंप बंद करून, गरम नळ उघडून दाब उतरवावा आणि झडपेची दांडी वर करून पाणी थांबेपर्यंत वाहू द्यावे. पोकळी पुन्हा तयार होते. खर्च शून्य. अमेरिकी टाक्यांवरची ही झडप १५० पीएसआय दाबाला किंवा ९९ अंशांना उघडते. त्याआधीच, ८२ अंशांच्या सुमारास, जादा उष्णता ओळखणारा वेगळा खटका गॅस तोडतो.

पुण्यातील संदर्भ

पुण्यात गाडीवर बॉडी बांधणाऱ्यांची कमतरता नाही, आणि पायाला गाडी बहुधा फोर्सची ट्रॅव्हलर असते. कंपनी पूर्वी बजाज टेम्पो होती, म्हणून लोक आजही ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर या विषयाची चौकशी वाढली. गिझर मात्र आयात होतो, आणि सुट्या भागांसाठी थांबावे लागते. थांबायची तयारी नसलेला माणूस पितळी जोडण्यांसाठी बोहरी आळीत आणि १२ व्होल्टच्या रिले-फ्यूजसाठी तपकीर गल्लीत जातो. तेवढ्यापुरते ते ठीक आहे. गॅसची झडप किंवा जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक भोकाचे तोंड) यांचा ‘जमणारा’ पर्याय शोधणे ठीक नाही.

आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस सुमारे ३० मिलीबार दाबाने बाहेर येतो. युरोपीय यंत्रे बहुतेक ३० मिलीबारचीच असतात आणि अमेरिकी ११ इंच पाण्याच्या दाबाची, म्हणजे २८ मिलीबारच्या जवळ. त्यामुळे दाब जुळतो. जोडणीचे आटे जुळत नाहीत. सिलिंडर नेहमी उभाच बांधावा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत फणा काढते. त्याच कारणाने इंजिनच्या ऑटो एलपीजी टाकीतून, जी द्रवच पुरवते, गिझरला जोडणी घेता येत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट रस्त्याकडे उघडणारे भोक हवे आणि गॅसचा सेन्सर जमिनीलगत हवा. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर वेगळा. तो झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

देखभाल

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर केलेली देखभाल सर्वांत उपयोगी. चार महिने उभ्या गाडीच्या बर्नर नळीत कोळी जाळे विणतो आणि कुंभारीण माशी चिखलाचे घरटे थापते. गिझर पेटत नाही, किंवा पेटतो पण ज्योत पिवळी, लोळणारी येते आणि जाळीभोवतीचा पत्रा काळा पडतो. ज्योत निळी आणि आवाजाने ‘घरघर’ करणारी हवी. पिवळी ज्योत दिसली की लोक गॅसला दोष देतात, सिलिंडर बदलतात. दोष बहुतेकदा हवेच्या वाटेत असतो. बर्नर नळी काढून बाटली धुण्याच्या ब्रशने आतून पुसली की काम होते. जेटच्या भोकात मात्र सुई किंवा तार घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. स्पिरिटमध्ये बुडवून फुंकर मारणे पुरते. दसऱ्याला गाडी धुऊन पूजतात तेव्हाच हे उरकण्याची पद्धत चांगली आहे. झेंडूची माळ तेवढी गिझरच्या जाळीवरून सोडू नये.

पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीऐवजी तो गंजतो, हेच त्याचे काम. अमेरिकी टाकीत निचऱ्याची बूच आणि हा दांडा एकच असतात, आणि त्याला १ १/१६ इंची पाना लागतो. हा पाना शोधत फिरण्याची गरज नाही, २७ मिलिमीटरचे सॉकेट तंतोतंत बसते. दांडा अंगठ्याएवढा जाड असतो. वर्षभराने बाहेर येतो तेव्हा आतली पोलादी तार दिसू लागलेली असते आणि तिला कुरतडलेल्या खडूसारखे तुकडे लटकलेले असतात. तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा. दांडा अजिबात झिजलेला नसेल तर खूश होऊ नये. त्यावर क्षारांचे कवच बसले असेल, तर टाकी स्वतःच गंजत असण्याची शक्यता आहे. ॲल्युमिनियमच्या टाकीला दांडा लागत नाही. तिची बूच प्लास्टिकची असते आणि ती पितळी बुचाने बदलणे ही चूक आहे.

बूच काढण्याआधी गॅस बंद, पाणी गार, पंप बंद, गरम नळ उघडा, झडप वर. या क्रमाची घाई केलेल्या माणसाला छातीवर गरम पाण्याचा लोट घेऊन तो शिकावा लागतो. निचऱ्यासोबत पांढरे पापुद्रे येतात. खडकवासल्याचे पाणी भरले तर ते कमी, उपनगरांतल्या बोअरचे किंवा टँकरचे भरले तर मूठभर. सायट्रिक ॲसिडच्या फिकट पाण्यात टाकी काही तास ठेवून दोनदा विसळली की क्षार सुटतात. ॲल्युमिनियमसाठी मात्र निर्मात्याने सांगितलेलेच द्रावण वापरावे. रिकामी टाकी पेटवू नये. विजेचे कॉइल असलेल्या गिझरमध्ये तर पाण्याविना ते काही मिनिटांतच जळते.

सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी पेटवून कधीच नाही. गाडी खड्ड्यांतून धावते, म्हणून घरी दहा वर्षे न हललेला सांधा येथे एका सहलीत सैल होतो. रबरी नळी ‘सुरक्षा’ प्रकारची आणि पाच वर्षांच्या आतलीच हवी. काही यंत्रांत बर्नरच्या तोंडाशी, वायरच्या मधोमध, शेंगदाण्याएवढा, उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो. ज्योत बाहेर लोळली की तो वितळतो आणि गिझर बंद पडतो. त्याच्या जागी तार जोडून दिलेला गिझर लगेच सुरू होतो, पण धूरनळी चोंदलेली तशीच राहते.

उंची आणि थंडी

समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात नीट चालणारा गिझर लेहला, ३,५०० मीटरवर, कुरकुरतो. तेथे हवेचा दाब सपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. गॅस तेवढाच, ऑक्सिजन कमी, म्हणून ज्योत पिवळी. शिवाय ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचे थांबते, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देते. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये दोहोंचे मिश्रण असते, त्यामुळे गोठवणाऱ्या पहाटे भरलेला सिलिंडरही रिकामा वाटतो. धुराड्यातून निघणारा पांढरा लोट मात्र घाबरण्यासारखा नाही. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, तीच थंड हवेत दिसते.

पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून युरोपीय यंत्रांत दंवरोधक झडप असते. भोवतालचे तापमान ३ अंशांच्या आसपास उतरले की ती आपोआप उघडून टाकी रिती करते, आणि ७ अंशांखाली पुन्हा बंद होत नाही. महाराष्ट्रात ही वेळ क्वचित येते, पण निफाडच्या द्राक्षबागेत किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाशी डिसेंबर-जानेवारीतला मुक्काम असेल तर येऊ शकते. सकाळी गाडीखाली दहा लिटर पाण्याचे थारोळे दिसते आणि गिझर फुटला म्हणून फोन होतात. झडपेजवळचा कप्पा उघडून आतली ऊब तिच्यापर्यंत पोहोचू द्यावी, गुंडी फिरवून दाबावी आणि टाकी पुन्हा भरावी.