दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण नव्हे

चादर-टॉवेलच्या धंद्याचा हिशेब घरच्या संगणकावर ठेवणाऱ्या सोलापूरकरांना, एकाच्या नजरेतून सुटलेला व्हायरस दुसऱ्याला सापडेल या भरवशावर दोन अँटिव्हायरस बसवण्याचा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तिला अडवून तपासतो. असे दोन प्रोग्रॅम एकाच फाइलवर एकाच वेळी हक्क सांगू लागले की संगणक मंदावतो, कधी अडकून पडतो, आणि एकाने बाजूला काढलेली बाधित फाइल दुसऱ्याला नवा हल्ला वाटू शकते. म्हणूनच विंडोज १० व ११ मधील डिफेंडर हा अंगभूत अँटिव्हायरस, दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवल्यावर, सहसा आपला पहारा आपणहून थांबवतो. सांगितल्यावरच तपासणी करणारा, एरवी स्वस्थ बसणारा स्कॅनर मात्र सोबत चालतो.

खरा धोका वेगळाच आहे. विकतच्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली, फुकटची ‘क्रॅक’ प्रत बसवताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते आणि ती निमूटपणे पाळली जाते. मग दोन काय, चार असले तरी काय उपयोग? विंडोज १० चा मोफत नियमित आधार (सुरक्षेच्या अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात घ्यावे. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क लगेच काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) सोडत नाही.