घरातली खाट आणि कायद्याची जागा : होम केअरच्या मानकांची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यात घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की ‘ब्युरोची बाई’, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची बाई, ठेवतात. घरातले तिला मावशी म्हणतात, पेशंट सिस्टर म्हणतो. पुरुष आला तर तो मामा किंवा ब्रदर. ब्युरोच्या पावतीवर ती ‘अटेंडंट’ असते, कंपनीच्या ॲपवर ‘केअरगिव्हर’, आणि नातेवाइकांना फोनवर सांगताना ‘नर्स ठेवलीय’ असं होऊन जातं. या सगळ्या नावांपैकी आरोग्याच्या कायद्याला नीट ओळख आहे ती फक्त शेवटच्या नावाची, आणि घरी येणारी बहुतेक माणसं नेमकी ती नसतात.

नर्सच्या नोंदणीला मुंबई इलाख्यात १९३५ सालापासून कायदा आहे. केंद्राचा १९४७ साली आला, महाराष्ट्राचा आजचा १९६६ चा. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. त्यानंतर नोंदणी क्रमांक. घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत याहून जुनी. १९०६ साली तत्कालीन व्हाइसरॉयच्या पत्नीच्या पुढाकाराने निघालेली एक संस्था गोऱ्या कुटुंबांच्या घरी नर्स पाठवत असे. पुढे पुण्यातल्या एका महिला संस्थेने विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, त्यावर शहरात बरीच कुजबुजही झाली. हा सगळा इतिहास रंजक आहे, पण आजच्या प्रश्नाशी त्याचा धागा एकच : नियम माणसाला लागू झाले. नोंदणी असलेली नर्स रुग्णालयात चुकली काय आणि घरात चुकली काय, तिची नोंदणी पणाला लागते. मावशीची नोंदणीच नाही, तर पणाला काय लागणार?

दुसरा धागा जागेचा, आणि तो जास्त गुंतलेला. खासगी रुग्णालयांसाठी राज्यात आजही १९४९ चाच नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. १९४९ च्या कायद्यातली नर्सिंग होमची व्याख्या थोडक्यात अशी : आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना दाखल करून घेण्यासाठी आणि त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरलेली जागा. आता स्वतःच्या घरात झोपलेल्या आजोबांना कोण दाखल करून घेतं? ते तिथेच राहतात. खाट तीच, ऑक्सिजन तोच, नाकातली नळी तीच, पण ‘दाखल’ या एका शब्दाने घर व्याख्येबाहेर पडतं. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्कांची सनद आली, दरपत्रक लावणं आलं, तक्रारीची सोय आली. हे सगळं भिंतीवर लावायचं आहे, आणि भिंत नर्सिंग होमची हवी.

जाता जाता, ‘नर्सिंग होम’ या शब्दानेही घोळ घातलाय. इंग्लंडमध्ये नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्यांनी राहायची जागा. आपल्याकडे गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय, जिथे बाळंतपणं आणि हर्नियाची ऑपरेशनं होतात. त्यामुळे परदेशातली मानकं वाचून इथे धोरण लिहायला बसणारा माणूस पहिल्याच पानावर अडखळतो.

मधली काही दशकं भरभर ओलांडता येतात. मुलं परगावी आणि परदेशी गेली, बिऱ्हाडं दोन खोल्यांची झाली, रुग्णालयांनी पेशंटला लवकर घरी सोडायला सुरुवात केली, आणि १९९० नंतर ब्युरो वाढले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं १० कोटींच्या वर निघाली. ब्युरोचा नंबर मिळायचा तो रुग्णालयाच्या गेटवर, वॉर्डातल्या मावशीकडून किंवा वॉचमनकडून. ब्युरो म्हणजे एक टेबल, एक रजिस्टर, दोन फोन. परवाना विचारला तर गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, दाखवायचे. तोही आता सोपा झालाय : दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन कळवलं की भागतं. ब्युरोतून साठ बायका कामाला जात असतील, पण ऑफिसात हजेरी लागते दोघा-तिघांची. बाकीच्या साठजणी ब्युरोच्या कामगार की ब्युरोच्या ओळखीच्या?

सगळा वाद याच प्रश्नावर येऊन थांबतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ब्युरोचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच आहे : आम्ही माणूस देतो, सेवा देत नाही. आम्ही ओळख करून दिली, कमिशन घेतलं, आमचं काम संपलं. पुढे मावशी आणि तुम्ही. यामागे भाबडेपणा मुळीच नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात, १९८६ च्याही आणि २०१९ च्याही, ‘सेवे’च्या व्याख्येतून एक गोष्ट वगळली आहे : व्यक्तिगत नोकरीचा करार. म्हणजे तुम्ही पगार देऊन ठेवलेला नोकर नीट वागला नाही, तर ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही; तो मालक-नोकराचा मामला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात डॉक्टरांच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला होता. निकालात या शब्दांची बारीक फोड झाली. व्यक्तिगत नोकरीचा करार वेगळा आणि व्यावसायिकाने व्यक्तिगत सेवा देण्याचा करार वेगळा. पहिल्यात मालक काम कसं करायचं तेही सांगतो, दुसऱ्यात आपलं काम कसं करायचं हे व्यावसायिक स्वतः ठरवतो. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर दुसऱ्या प्रकारात बसले, आणि ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले.

ब्युरोची मावशी कुठे बसते? काम कसं करायचं ते तिला घरातली सून सांगते : पेज किती वाजता, आंघोळ की स्पंजिंग, दुपारी पंखा किती वर. हे पाहिलं तर ती घरची नोकर. पण दर दोन तासांनी कूस बदलायची, नाकातल्या नळीतून दूध देताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, युरिन बॅग मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच टांगायची, हे सुनेला माहीत नसतं. म्हणून तर तिने ब्युरोला फोन केलेला असतो. ज्ञान विकत घेतलंय ते ब्युरोकडून. करार मात्र मावशीशी झाल्याचं कागद सांगतो. पेशंटच्या कमरेखाली हाडापर्यंत जखम गेली, की या दोन गोष्टी समोरासमोर येतात.

कराच्या बाजूने पाहिलं तर भूमिका उलटी सोयीची पडते. जीएसटीत वैद्यकीय आस्थापना, डॉक्टर आणि पॅरामेडिक यांच्या आरोग्यसेवेला सूट आहे. मनुष्यबळ पुरवठ्यावर १८ टक्के आहेत. तक्रार आली तर ‘आम्ही फक्त माणूस पुरवला’ म्हणणं फायद्याचं, कराची नोटीस आली तर ‘आम्ही आरोग्यसेवा देतो’ म्हणणं फायद्याचं. दोन्ही वाक्यं एकाच लेटरहेडवर कशी मावतात, हे ज्याचं त्याने पाहावं. ब्युरोवाल्यांना खलनायक ठरवायचा हेतू नाही. त्यांतले कित्येक जण रात्री अकरा वाजता रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, शोधून देतात आणि बाईचा पगार कुटुंबाने बुडवला तर स्वतःच्या खिशातून भरतात. पण शब्द सैल ठेवण्यात ज्यांचा फायदा, त्यांनी तो आपणहून घट्ट करावा, ही अपेक्षा सरकारने तरी किती वर्षं धरायची?

याच काळात ‘सुरक्षितता’ या शब्दालाही आपल्याकडे एक चमत्कारिक वळण लागलं. घरी माणूस ठेवताना आधारची झेरॉक्स, फोटो आणि पोलीस व्हेरिफिकेशन मागायचं, हे सोसायट्यांनी आणि पोलिसांच्या पत्रकांनी आपल्या अंगवळणी पाडलं. ते गैर नाही. पण त्यात सुरक्षित होतं ते कपाट. इन्सुलिन कोण देणार, सक्शन मशीन कोण चालवणार, पेशंट पडला तर पहिला फोन कुणाला, याचा रकाना त्या फॉर्मवर नसतो. इन्सुलिनचंच घ्या. घरातला मुलगा वडिलांना टोचतो, डॉक्टरच त्याला शिकवतात. नोंदणीकृत नर्स देऊ शकते. या दोघांच्या मधली, सहा महिन्यांचा ‘पेशंट केअर’ कोर्स केलेली बाई देऊ शकते का? कोर्स चालवणारा एक सांगतो, ब्युरो दुसरं, आणि रोज सकाळी आठ वाजता ती देतच असते.

वापरलेल्या सुईचीही तीच गत. रुग्णालयातली सुई जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत जाते : पांढरा, न भोसकला जाणारा डबा आणि ठरलेली गाडी. घरात टोचलेली तीच सुई त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून धरली. रंगाचे डबे, ट्यूबलाइट आणि जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी. व्यवहारात ती बिस्किटाच्या पुड्यात गुंडाळून ओल्या कचऱ्यात जाते आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसते.

काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेचं काय, हा प्रश्न मानकांच्या चर्चेत शेवटी येतो. खरं तर कायद्यात तो आधी आला. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तर ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत राहतं घर सरळ घातलं, आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायची वाट ठेवली. घर हे कामाचं ठिकाण असू शकतं, हे या कायद्याला दिसलं. आरोग्याच्या कायद्यांना ते आजवर दिसलेलं नाही. तिथेही पेच आहेच : रुग्णाची शी-शू काढणं हे ‘घरकाम’ की नाही? मावशीला विचारलं तर ती म्हणते, भांडी घासायला लावतात तेव्हा घरकाम, पगार मागते तेव्हा नर्सिंग नाही.

इंग्लंडने हा गुंता वेगळ्या टोकाने धरला. तिथल्या २००० सालच्या कायद्याने घरी माणूस पाठवणाऱ्या एजन्सींना नोंदणी लावली, आणि २००८ च्या कायद्यानंतर नियमन कृतीला चिकटलं. आंघोळ घालणं, भरवणं, शौचाला मदत करणं ही ‘व्यक्तिगत शुश्रूषा’. ती माणसाच्या राहत्या घरी दिली तरी नियमनात येते. तिथेही पंधरा मिनिटांच्या धावत्या भेटींवरून ओरड झाली, म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. आपल्याकडे केरळने १९९० च्या दशकापासून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना घेऊन घरोघरच्या पॅलिएटिव्ह (दुखणं हलकं करणाऱ्या) भेटी उभ्या केल्या आणि २००८ साली त्यावर राज्याचं धोरण लिहिलं. तिथे कामाची चौकट घरभेट धरूनच आखली गेली.

आपल्याकडे कायद्याची जागा रिकामी राहिली, ती बाजाराने भरली. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली, २०१५ साली कौशल्य विकास योजना, आणि ‘होम हेल्थ एड’ व ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ या नावांना पहिल्यांदा अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळालं. पण ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. ते नसलेल्या बाईला कामावर पाठवायला कुणाची मनाई नाही. त्याच सुमारास मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि खासगी मानांकनं निघाली. मानांकन ऐच्छिक, त्यासाठी लागणारी फी आणि कागदपत्रं कंपन्यांना झेपणारी. एका टेबलाचा ब्युरो तिथे पोचत नाही, आणि पोचला तर त्याचा दर वाढतो.

मग करोना आला. मे २०२० मधल्या गृह-विलगीकरणाच्या सूचनांत केंद्राने लिहिलं की सौम्य लक्षणांच्या रुग्णाजवळ चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती हवी आणि तिचा रुग्णालयाशी सतत संपर्क हवा. हातमोजे कधी, मास्क कुठला, कोणती लक्षणं दिसली की कळवायचं, हे सगळं त्यात होतं. घरातल्या शुश्रूषेवरचा इतका तपशीलवार सरकारी कागद सामान्य कुटुंबाच्या हातात त्याआधी क्वचितच पडला असेल. घरातल्या कचऱ्याला पिवळी पिशवी मिळाली. जुलैमध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेल्या करोना पॉलिसीत घरच्या उपचाराचा खर्च १४ दिवसांपर्यंत धरला गेला. एरवी विम्यात ‘डॉमिसिलियरी’, म्हणजे घरी घेतलेला, उपचार मान्य होतो तो पेशंट हलवण्यासारखा नसेल किंवा रुग्णालयात खाटच नसेल तेव्हा. म्हणजे घर ही नाइलाजाची जागा. त्या वर्षी ती पहिल्या पसंतीची जागा झाली. साथ ओसरली, पिवळ्या पिशव्या गेल्या, आणि त्या सूचना कुठल्याही कायमच्या नियमावलीत उतरल्या नाहीत.

वास्तविक एक मसुदा तयार होता. ज्येष्ठांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. वृद्धाश्रमांबरोबर घरपोच सेवा देणाऱ्या संस्थाही त्यात होत्या. काळजी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि पडताळणी होती. त्यातही फट होतीच, कारण मूळ कायदा आई-वडिलांचा आणि साठीपुढच्यांचा. अपघातात मान मोडून पडलेला पस्तिशीचा अविवाहित मुलगा त्यात कुठेच बसत नव्हता. तरी संस्थेला जबाबदार धरायची ती पहिली देशपातळीवरची तरतूद ठरली असती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, २०२१ च्या सुरुवातीला समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, झालं.

त्यामुळे ब्युरोच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटींनाच सध्या नियमावलीचं काम करावं लागतं. तिथे बहुधा तीन गोष्टी असतात : मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही, बाईला परस्पर कामावर ठेवल्यास दंड, आणि चार दिवस आधी कळवल्याशिवाय सुट्टी नाही.