पार्श्वभूमी : किडनी ‘गाळते’ हे ठरलं कसं?

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून रक्तात येणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या) खाली हल्ली ‘ईजीएफआर’ असा एक आकडा छापून येतो. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला किती द्रव गाळतात, त्याचा तो अंदाज. धडधाकट तरुणात साधारण १२५ मिलिलिटर. ‘गाळणी’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण तो वैद्यकात पक्का व्हायला ऐंशी वर्षं भांडावं लागलं.

आपल्या जुन्या आयुर्वेदिक संहितांत वृक्क, म्हणजे मूत्रपिंडं, आहेत, पण ते मेदाशी जोडलेले. मूत्राचा संबंध बस्तीशी, म्हणजे मूत्राशयाशी. सुश्रुतसंहितेतला दाखला मात्र सुरेख आहे : कोरा घडा तोंडापर्यंत पाण्यात ठेवला की बाजूंनी पाझरून भरतो, तशी बारीक नाड्यांमधून बस्ती भरते. झिरपण्याची कल्पना होती, अवयव वेगळा होता.

खरा वाद १८४२चा. त्या वर्षी लंडनमधल्या एका शल्यविशारदाने दाखवलं की मूत्रपिंडातला केशिकांचा, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा, प्रत्येक गुच्छ एका वाटीत बसलेला असतो आणि त्या वाटीतूनच पुढची नळी निघते. रचना अचूक, कामाचा तर्क अर्धवट : गुच्छ फक्त पाणी सोडतो, युरियासारखी टाकाऊ द्रव्यं नळीच्या पेशी रक्तातून उचलून आत टाकतात, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्गला एका तरुणाने प्रबंधात उलट मांडलं. रक्ताच्या दाबाने प्रथिनं सोडून बाकी सगळं गाळलं जातं आणि वाटेत बरंचसं पाणी परत रक्तात जातं.

१८७४ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउच्या एका शास्त्रज्ञाने सशांना निळा रंग टोचला. रंग गुच्छात दिसेना, नळीच्या पेशींत दिसला. स्राववाल्यांचं, म्हणजे नळीच्या पेशीच द्रव्यं आत टाकतात असं मानणाऱ्यांचं, पारडं जड झालं. पुढे त्याने हिशेबही मांडला : लघवीतला सगळा युरिया नुसत्या गाळण्याने यायचा तर दिवसाला ७० लिटर द्रव गाळावा लागेल. असं कसं शक्य आहे? शंका अगदी रास्त होती. शरीरात रक्तद्रव सगळा मिळून जेमतेम ३ लिटर. प्रत्यक्षात आकडा ७० च्या दुपटीहून जास्त, १८० लिटर निघाला. एवढं गाळायचं, त्यातलं सुमारे १७८ लिटर परत घ्यायचं आणि दीड-दोन लिटर बाहेर सोडायचं, हा रोजचा उद्योग.

निकाल लागला बेडकावर. फिलाडेल्फियात काचेची केसाहून बारीक नळी जिवंत बेडकाच्या एकाच गुच्छाच्या वाटीत खुपसून आतला थेंब ओढला गेला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : थेंबात प्रथिनं नाहीत, पण साखर आहे; त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नाही. म्हणजे आधी गाळलं गेलं, मग परत घेतलं गेलं.

इथे बहुतेक पुस्तकं स्राववाल्यांना हरलेले ठरवून पुढे जातात. ते काही मला पटत नाही. काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडात गुच्छच नसतात, तरी त्यांना लघवी होते. नळ्यांच्या स्रावावरच त्यांचं भागतं. आपल्याही नळ्या पेनिसिलिन झपाट्याने लघवीत टाकतात, म्हणून सुरुवातीच्या काळात ते रुग्णाच्या लघवीतून परत काढून वापरलं गेलं.

१९३० च्या दशकात इन्युलिन हाती आलं. डेलियाच्या कंदात सापडणारं हे द्रव्य गाळलं जातं, पण नळी ते आत टाकत नाही आणि परतही घेत नाही. त्यामुळे गाळण्याचा वेग थेट मोजता आला. पण इन्युलिन शिरेतून सोडत बसणं कोणत्या दवाखान्याला परवडणार? म्हणून क्रिएटिनिन. तेही गाळलं जातं, मात्र त्याचा थोडा भाग नळीच्या पेशी वरून टाकतात, आणि मूत्रपिंड खराब होत जाईल तसा तो वाटा वाढतो. म्हणून लघवी गोळा करून क्रिएटिनिनवरून काढलेला वेग खऱ्यापेक्षा थोडा जास्तच येतो.