महागड्या ब्लशची शेड, स्वस्तातल्या डबीत

“अगदी हाच ब्लश हवा, पण इतका महाग नको.” काउंटरवर जवळजवळ संपलेली डबी ठेवून हे सांगणारं कुणी ना कुणी आमच्याकडे रोज येतं. मधोमध पॅनचा पत्रा उघडा पडलेला असतो आणि कडेला बोटभर गुलाबी पावडर उरलेली असते. अशी डबी टाकू नका, येताना घेऊन या. मोबाइलवरच्या फोटोपेक्षा ती उरलेली पावडर शेड जुळवायला जास्त कामी येते.

डबीत असतं काय?

पॅकच्या मागची यादी वाचून बघा. पावडर ब्लश म्हणजे मुख्यतः टाल्क किंवा मायका, म्हणजे दळलेली खनिजं. ती पावडर दाबून धरायला झिंक किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट, मऊपणासाठी थोडं सिलिकॉन किंवा तेल, आणि रंग. रंगांना जगभर ठरावीक ‘सीआय’ (कलर इंडेक्स) क्रमांक आहेत. सीआय ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, मग डबी कुठल्याही कंपनीची असो. सीआय ७५४७० दिसला तर तो कार्माइन, म्हणजे कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. शाकाहारी किंवा व्हीगन वस्तूच वापरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण यादी जुळली म्हणजे ब्लश जुळला असं नाही. रंगांचे क्रमांक यादीच्या शेवटी एकत्र दिलेले असतात, त्यावरून कुठला रंग किती घातलाय ते कळत नाही. पावडर किती बारीक दळली आहे, हेही यादी सांगत नाही. ते बोटालाच कळतं.

आणखी एक समजूत वारंवार कानावर येते: “कंपनी एकच, म्हणजे आतला माल एकच.” महागडी लान्कोम आणि स्वस्तातली मेबलिन दोन्ही लॉरिआल कंपनीच्या आहेत, हे खरं. स्वस्तातली बूर्ज्वासुद्धा २०१५ मध्ये कोटी (Coty) या कंपनीकडे जाईपर्यंत महागड्या शानेलच्याच मालकांकडे होती. पण मालक एक असला तरी मिश्रण एकच असेल असं नाही. या भरवशावर डोळे मिटून घेऊ नका.

जुळवायचं कसं?

आधी चकाकी बघा, रंग नंतर. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या ब्लशला शिमरवाला, म्हणजे चकाकणारा पर्याय कधीच जुळत नाही, रंग तंतोतंत असला तरी. उदाहरणार्थ, नार्स या महागड्या ब्रँडची १९९९ पासूनची ‘ऑर्गॅझम’ ही प्रसिद्ध शेड घ्या. (तिचं नाव मोठ्यानं घ्यायला बरेच जण संकोचतात; “नार्सचा तो” म्हटलंत तरी आम्हाला कळतं.) ती पीच-गुलाबी आणि वर सोनेरी झाक. तिला पर्याय म्हणून मिलानी या स्वस्त ब्रँडचा ‘लुमिनोसो’ नेहमी सुचवला जातो. जवळचा आहे, पण गुलाबीपेक्षा पीचकडे झुकतो. नार्सच्या शेडमधला गुलाबीपणाच आवडत असेल तर दुसरं काही बघू.

मग गडदपणा. सावळ्या किंवा गडद त्वचेवर फिकट गुलाबी ब्लश खडू फासल्यासारखा दिसतो, कारण त्यात टायटेनियम डायऑक्साइडचा पांढरेपणा जास्त असतो. अशा वेळी डबीत भडक वाटणारी विटकरी, बेरी किंवा गडद नारिंगी शेड गालावर सुंदर उतरते. डबीतला रंग बघून घाबरू नका.

हाताच्या पाठीवर लावून ठरवू नका. तुमचा जुना ब्लश एका गालावर आणि नवा दुसऱ्या गालावर लावा, त्याच ब्रशनं, आणि तीन-चार तास तसंच फिरा. दोन्ही गाल सारखे उतरले तर पर्याय सापडला. एक गाल लवकर फिका पडला, तर तेही कळेल.

किमतीआधी वजन बघा. निम्म्या किमतीची डबी अडीच ग्रॅमची आणि महागडी पाच ग्रॅमची असेल, तर वाचलं काहीच नाही. तसा पाच ग्रॅमचा ब्लश रोज लावूनही लवकर संपत नाही, त्यामुळे छोटी डबी घेण्यात चूक नाही. फक्त तिला स्वस्त समजू नका.

महाग ब्लश उगाच महाग असतो, असं आम्ही म्हणणार नाही. अगदी बारीक, ओलसर दिसणारा शिमर स्वस्तात क्वचितच मिळतो. मॅट ब्लशमध्ये मात्र बहुतेक वेळा जास्तीचे पैसे आरशाचे आणि जड झाकणाचे असतात.

“नवा ब्लश आधी छान होता, आता उमटतच नाही” अशी तक्रार घेऊन येण्याआधी पॅनवर बोट फिरवा. वरचा थर कडक आणि चकचकीत लागला, तर तो ब्रशवरच्या तेलानं धरलेला आहे. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, खालून ताजी पावडर निघते.

क्रीम ब्लश घेताना पॅकवरच्या उघड्या डबीच्या चित्रातला आकडा बघा: उघडल्यापासून तितके महिने. क्रीमला तो बहुधा पावडरपेक्षा कमी असतो.

येताना शक्यतो दिवसा या, चेहरा धुऊन. आमचे आतले दिवे पिवळे आहेत, त्यात प्रत्येक ब्लश पीचच दिसतो. आरसा दारापाशी लावलाय, शेड तिथे उभं राहून बघा.