दुणावलेली जनुकं, हरवलेली जनुकं

हर्णैच्या बंदरावर लिलावात सुरमई, बांगडा, पापलेट, बोंबील यांच्या शेजारीच मोरी, म्हणजे शार्क, आणि चपटी पाकटं येऊन पडतात. गिऱ्हाइकाला त्यांतला फरक काट्यावरून कळतो: मोरीला हाडाचा काटा नाही, कूर्चा आहे. त्यांच्या पेशींतही एक फरक आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. 30 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सुरमई-बांगड्याच्या पूर्वजातला सगळाच्या सगळा जनुकसंच एकदा दुप्पट झाला. मोरी-पाकटांची शाखा त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती आणि आपलीही, म्हणून हे दुणावणं त्यांच्या वाट्याला आलं नाही, आपल्याही नाही. बांगड्यात त्या जादा प्रतींपैकी काही आजही कामाला आहेत. बहुतेक मात्र गळून गेल्या.

जनुकांचं असं वाढणं आणि गळणं प्राण्यांचा इतिहास घडवतं, हे कळायला बराच काळ लागला. सुरुवात झाली फळमाशीपासून. या माशीचा ‘बार’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात डोळा गोल न राहता अरुंद आणि उभा होतो. 1936 साली कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी अळीच्या लाळग्रंथीतली अवाढव्य गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांच्यावरच्या पट्ट्यांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आलेला दिसला. नवं काही जोडलं गेलं नव्हतं. होतं तेच दोनदा आलं होतं, आणि तेवढ्याने डोळा बदलला होता. त्याच दशकात हर्मन मुलर आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी अशा जादा प्रतींतून नवी जनुकं निपजू शकतील, असा विचार मांडला. हेच हाल्डेन पुढे 1957 साली कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले.

या विचाराला खरं बळ दिलं सुसुमु ओह्नो यांनी. कॅलिफोर्नियात काम करणारे हे जपानी शास्त्रज्ञ वेगवेगळ्या माशांच्या पेशींत डीएनए किती भरतो ते मोजत असत. 1970 साली त्यांनी जनुकांच्या दुणावण्यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्या जनुकावाचून जीव जगत नाही, त्यात बदल झाला तर निसर्गाची निवड तो बदल टिकू देत नाही. वाडीत विहीर एकच असेल तर ती उपसायला कोणी धजत नाही. दुसरी असली की पहिलीत उतरून काम करता येतं. जनुकाची दुसरी प्रत अशी मोकळीक देते. पृष्ठवंशी प्राण्यांच्या उगमाजवळ संपूर्ण जीनोमच, म्हणजे सगळा जनुकसंच, दुप्पट झाला असावा, असंही ओह्नो यांनी तेव्हाच सुचवलं होतं. पुरेसा पुरावा हाताशी यायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. समुद्रतळाच्या वाळूत राहणाऱ्या अँफिऑक्सस या कणाहीन नातेवाइकाचा जीनोम 2008 साली प्रसिद्ध झाला. शरीराची डोक्यापासून शेपटीपर्यंतची आखणी करणाऱ्या हॉक्स जनुकांचा त्याच्यात एकच गट आहे. माणसात असे 4 गट आहेत. बाकीचा जीनोमही तसाच ताडून पाहिला, तेव्हा एकाचे दोन आणि दोनाचे चार झाल्याचे माग सगळीकडे निघाले.

ओह्नो यांच्या मांडणीत एक गोष्ट मात्र कमी बोलली गेली होती: जादा प्रतींचं नशीब बहुधा वाईटच असतं. मायकेल लिंच आणि जॉन कोनेरी यांनी 2000 साली अनेक जीवांचे आकडे तपासून दाखवलं, की अशा बहुतेक प्रती काही दशलक्ष वर्षांत निकामी होतात. टिकतात त्या थोड्या. कधी दोन प्रती जुनं काम वाटून घेतात. कधी एकच पदार्थ जास्त लागतो म्हणून दोन्ही राहतात. क्वचित एखादी प्रत अगदी वेगळ्या कामाला लागते.

या तिसऱ्या प्रकाराची कोकणाला ठाऊक असलेली जागा म्हणजे लाल विंचवाची नांगी. जांभ्याच्या गडग्यात, गवताच्या भाऱ्यात, अंगणात पडलेल्या पायताणात हा विंचू बसलेला असतो. महाड परिसरात 1970च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण तपासू लागले, तेव्हा धडधाकट माणसं आणि मुलं एका दंशाने दगावत होती: भरपूर घाम, गार पडलेले हातपाय, आणि मग फुफ्फुसात पाणी. हे विष मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग बंदच होऊ देत नाही, त्यामुळे शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो आणि हृदयावर असह्य ताण पडतो. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. एका आडगावच्या दवाखान्यातून आलेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता त्या विषाच्या मुळाशी जाऊ. त्यातले छोटे प्रथिनरेणू ज्या घडणीचे आहेत, तीच घडण डिफेन्सिन नावाच्या रेणूंची असते. डिफेन्सिन कीटकांत आणि विंचवांतही जंतूंशी लढतात. म्हणजे जंतुनाशक जनुकाच्या जादा प्रती झाल्या, त्यातल्या काही विषग्रंथीत वापरात आल्या आणि पुन्हा पुन्हा दुणावत गेल्या. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कीटकाच्या डिफेन्सिनमधला एक लहानसा वेटोळ्याचा भाग काढून टाकला, तर तो रेणू मज्जातंतूंवर परिणाम करू लागला. एवढंसंच अंतर. त्याशिवाय विंचू आणि कोळी यांच्या समाईक पूर्वजातही 40 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी पूर्ण जीनोम दुप्पट झाला होता, हे 2017 साली पुढे आलं. त्यामुळे विंचवाकडे हॉक्स जनुकांचे दोन गट आहेत.

खडकाला चिकटलेल्या कालवांची गोष्ट याहून सरळ आहे. ओहोटीला बायका खडकावर कालवं फोडायला बसतात तेव्हा ऊन डोक्यावर असतं, आणि कालवाला तिथून हलता येत नाही. पॅसिफिक कालवाचा जीनोम 2012 साली वाचला गेला, त्यात उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांना सावरणाऱ्या एचएसपी-70 कुळातली 88 जनुकं सापडली. माणसात ती 17च्या आसपास आहेत.

गळतीकडे मात्र फार काळ नुसतं नुकसान म्हणूनच पाहिलं गेलं. 1999 साली मेनार्ड ओल्सन यांनी उलट बाजू मांडली: जनुक बंद पडणं हाही जुळवून घेण्याचा एक झटपट मार्ग असू शकतो, कारण घडवण्यापेक्षा मोडणं सोपं. पण सगळीच गळती उपयोगाची असते असं नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. पुष्कळदा जनुकाची गरज संपते आणि ते मोडलं तरी अडत नाही, एवढंच. आपल्या पूर्वजांत क जीवनसत्त्व बनवणारं जनुक 6 कोटींच्या आसपास वर्षांपूर्वी मोडलं. आहारात फळं होती, बिघडलं नाही. बिघडलं ते माणूस महिनोन्‌महिने गलबतावर राहू लागला तेव्हा. गोठ्यातली गाय आजही आपलं क जीवनसत्त्व आपल्याच यकृतात बनवते; आपल्याला आवळा नाहीतर लिंबू लागतं.

गळतीचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या समुद्रातच आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. गावकरी आणि वनखात्याची माणसं त्याला पाण्यात ढकलण्यासाठी झटली, पण ते वाचलं नाही. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते, आणि पाण्यात गेल्यावर काय काय सुटलं याची यादी त्याच्या डीएनएत आहे. बलीन देवमाशांच्या तोंडात दातांऐवजी केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याच पदार्थाच्या, पट्ट्या असतात. पोटातल्या गर्भाला दातांचे अंकुर फुटतात आणि जन्माआधी विरून जातात. दातांवरचा कठीण थर घडवणारी जनुकं मोडक्या स्थितीत अजून जागेवर आहेत. 2019 साली झालेल्या एका अभ्यासाने जमिनीवरून पाण्यात जाण्याच्या टप्प्यावर देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पूर्वजात बंद पडलेली 85 जनुकं शोधली. त्यात रात्रीची झोप लावणारं मेलाटोनिन बनवणारी जनुकं आहेत. श्वास घ्यायला सतत वर यावं लागतं आणि मेंदूचा एकेक अर्धा भाग आळीपाळीने झोपतो, अशा प्राण्याला दिवसरात्रीचा तो संकेत अडचणीचाच ठरला असता. रक्त गोठवण्याच्या साखळीतलंही एक जनुक गेलं आहे. खोल बुडी मारताना आकसणाऱ्या रक्तवाहिन्यांत गाठी होऊ नयेत यासाठी त्याचा फायदा झाला असावा.

माझ्या दृष्टीने सर्वांत काळजीचं जनुक आहे पॉन-1. मुळात ते मेदाच्या चयापचयाशी जोडलेलं. त्याचं प्रथिन योगायोगाने ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे विषारी रेणूही तोडतं. देवमासे, डॉल्फिन, समुद्रगायी आणि काही सील यांच्यात ते वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे बंद पडलं. तेव्हा जगात कीटकनाशकं नव्हती. 2018 साली या प्राण्यांच्या रक्ताची चाचणी झाली, तर याच गटातल्या क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकापासून तयार होणारं विष त्या रक्ताला मोडता आलं नाही. मेंढीच्या रक्ताला आलं.

आपल्या किनाऱ्याला कुबड्या डॉल्फिन वावरतात ते उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखांशी, म्हणजे शेताबागांचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथेच. मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला की त्याची लांबी मोजून, पंचनामा करून पुरून टाकणं पुरेसं नाही. त्याच्या मेंदूचे आणि यकृताचे नमुने या रसायनांसाठी तपासले जावेत, आणि पहिल्या पावसानंतर खाडीचं पाणीही.