लेझी जॅक

शिडाच्या नौकेवर मुख्य शीड उतरवताना ते डेकवर किंवा पाण्यात पसरू नये, सरळ बूमवर येऊन बसावे, यासाठी डोलकाठी आणि बूम यांच्यामध्ये शिडाच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या बारीक दोऱ्यांच्या रचनेला लेझी जॅक म्हणतात. बूम म्हणजे शिडाची खालची कड ताणून धरणारा आडवा वासा. शीड वर चढवणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, सोडला की कापड या दोऱ्यांच्या झोळीत घडी पडत उतरते आणि बांधले जाईपर्यंत तिथेच थांबते.

१० मीटर लांबीच्या नौकेचे मुख्य शीड साधारण २५ ते ३० चौरस मीटरचे असते. ते उतरवायचे तर नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे धरायची, हॅलयार्ड सोडायचा, फडफडणारे कापड आवरायचे आणि बूमला बांधायचे. त्याच वेळी सुकाणूही कोणीतरी धरलेले हवे. दोघेच असलेल्या नौकेवर कापड आवरणारा माणूस केबिनच्या छपरावर उभा राहतो, हलत्या बूमला एका हाताने बिलगतो आणि दुसऱ्या हाताने काम करतो. शिवाय सैल शिडाआड सुकाणूवाल्याला पुढचे काही दिसत नाही. लेझी जॅक कापड धरून ठेवतात, त्यामुळे बांधण्याचे काम बंदरात शिरल्यावर सवडीने करता येते. वारा वाढल्यावर शीड लहान करण्यासाठी, म्हणजे रीफ घेण्यासाठी, त्यांचा उपयोग तितकाच होतो, कारण खाली आलेला शिडाचा भाग बूमखाली लोंबत नाही.

ही सोय आधुनिक यॉटपेक्षा जुनी आहे आणि कमी माणसांत मोठे शीड हाताळणाऱ्या कामकरी नौकांवर ती रुजली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केप कॉड कॅटबोटीची डोलकाठी अगदी नाळेजवळ असते, शीड एकच पण प्रचंड आणि बूमचे टोक नौकेच्या मागच्या टोकाच्याही पलीकडे पाण्यावर गेलेले. त्या टोकाशी हात पोहोचत नाही, तेव्हा कापड दोऱ्यांनीच धरणे भाग होते. अशा गॅफ शिडांत, म्हणजे वरची कड वाशाला बांधलेल्या चौकोनी शिडांत, कापडाबरोबर तो वरचा वासाही खाली येतो. तो एका बाजूला घसरला तर डोक्यात बसेल, म्हणून त्यालाही या दोऱ्याच वाट दाखवतात. जुन्या गॅफ नौकांवर बूमचा भार पेलणारे टॉपिंग लिफ्ट दोन असत, शिडाच्या दोन बाजूंना एकेक, आणि लेझी जॅकच्या शाखा बऱ्याचदा त्यांनाच जोडलेल्या असत.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील चेसापीक उपसागरातल्या स्किपजॅक नौका हे लेझी जॅकच्या वापराचे ठळक उदाहरण. समुद्राच्या तळावरची कालवे, म्हणजे ऑयस्टर शिंपले, खरवडून काढणाऱ्या नौका शिडावरच चालाव्यात असा कायदा त्या राज्याने १८६५ मध्ये केला, आणि त्यामुळे इंजिनाच्या युगातही इथली शिडे टिकली. १९६७ पासून आठवड्यातून २ दिवस इंजिनाची ढकलबोट वापरायची मुभा मिळाली, पण नौकेत स्वतःचे इंजिन नाहीच. स्किपजॅकचा बूम जवळजवळ डेकइतका लांब असतो. कालव्यांचे जड जाळे ओढायला मोठे शीड लागते, मात्र वारा वाढला की तेच लगेच लहान करावे लागते, आणि खलाशी तर जाळ्यात गुंतलेले. अशा नौकेवर मुख्य शिडालाच नव्हे, पुढच्या तिकोनी शिडालाही, म्हणजे जिबलाही, लेझी जॅक लावलेले दिसतात. १९८५ मध्ये स्किपजॅक मेरीलँडची राज्यनौका ठरली.

चिनी जंक शिडात हीच कल्पना आणखी पुढे नेलेली आहे. तिथे शीड आडव्या पट्ट्यांनी विभागलेले असते आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांमध्ये कायमच बसलेले असते, त्यामुळे हॅलयार्ड सोडताच ते पट्टीवर पट्टी बसत मिटते. १९६० मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत ब्लाँडी हॅसलर यांनी आपल्या जेस्टर नावाच्या छोट्या नौकेवर असेच शीड लावले होते आणि ते दुसरे आले. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या मचव्यांना मात्र या व्यवस्थेची गरज पडली नाही. त्यांचे शीड तिरप्या लांब वाशाला बांधलेले असते, उतरवताना वाशासकट खाली येते, आणि खाली बूम नसतोच.

आजच्या नौकेवरची मांडणी दिसायला सोपी आहे. डोलकाठीवर, तिच्या उंचीच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश टप्प्यावर, प्रत्येक बाजूला एक छोटी कप्पी असते. तिच्यातून जाणाऱ्या मुख्य दोरीचे एक टोक डोलकाठीच्या पायथ्याशी क्लीटला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या खुंटीला, अडकवतात. दुसऱ्या टोकाला कडी असते. त्या कडीतून दुसरी दोरी ओवली जाते आणि तिची दोन टोके खाली जातात. लहान नौकेवर ही दोन टोके सरळ बूमवर बांधली की काम झाले. मोठ्या नौकेवर त्यांतल्या एका टोकाला पुन्हा कडी आणि तिच्यातून तिसरी दोरी, अशा तीन-चार शाखा करतात. शाखा कडीतून सरकत्या असल्याने ताण आपोआप वाटला जातो, प्रत्येक दोरीची लांबी वेगळी जुळवत बसावे लागत नाही. १० मीटरच्या नौकेला ५ ते ६ मिलिमीटरची विणलेली पॉलिएस्टर दोरी पुरते. मधल्या कड्या प्लास्टिकच्या किंवा गुळगुळीत हलक्या धातूच्या असाव्यात, कारण जड कप्प्या शिडावर आपटून शिवण खराब करतात.

शाखा बूमवर कुठे याव्यात यात अनुभव लागतो. शिडाची पुढची कड सरकत्या गुंड्यांनी डोलकाठीला धरलेलीच असते, म्हणून पहिली शाखा डोलकाठीला फार खेटून नको. बूमच्या लांबीच्या साधारण चौथ्या भागावर ती ठीक. खरा घोटाळा मागच्या कडेला होतो. ती मोकळी असते, आणि शेवटची शाखा फार पुढे असेल तर कापडाचा मागचा ढीग बूमवरून घसरून डेकवर येतो. ४ मीटरच्या बूमवर ही शाखा डोलकाठीपासून ३ मीटरच्या पुढेच हवी. वरचे टोक डोलकाठीला जोडण्याऐवजी स्प्रेडरच्या, म्हणजे डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या आडव्या दांड्याच्या, खालच्या बाजूला, डोलकाठीपासून १५ ते ३० सेंटिमीटर बाहेर जोडणे अनेकांना पसंत आहे. तसे केल्याने दोन बाजूंच्या दोऱ्यांतली वाट रुंद होते आणि रात्री नांगरावर दोऱ्या डोलकाठीवर खटखटत नाहीत. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि जोडणी स्टेनलेस स्टीलची असेल तर मधे विलग करणारा लेप लावलाच पाहिजे, नाहीतर खाऱ्या हवेत रिव्हेटभोवतीचे ॲल्युमिनियम झिजत जाते.

लेझी जॅकविषयीच्या तक्रारी बहुतेक उतरवण्याच्या नसून चढवण्याच्या असतात. शिडाला आकार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, मागच्या कडेला टोके काढून असतात. शीड वर जाताना नौका वाऱ्यापासून थोडी जरी वळली, तरी कापड एका बाजूला झुकते आणि बॅटनचे टोक दोरीखाली अडकते. हॅलयार्ड विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर, असेल तर ओढणाऱ्याला हे कळतही नाही. तो जोर लावत राहतो आणि बॅटनचा खिसा फाटतो. यावर दोन उपाय आहेत: चढवताना नजर वर ठेवून नौका नेमकी वाऱ्यात धरणे, किंवा लेझी जॅक वाटेतून काढून ठेवणे. पहिला उपाय शांत पाण्यात चालतो. लाटांवर एकट्याने करणाऱ्यासाठी दुसराच खरा, आणि म्हणून लेझी जॅक लावताना ते काढून कसे ठेवायचे हे आधी ठरवावे.

काढून ठेवण्याची रीत अशी. पायथ्याचे क्लीट सोडून मुख्य दोरी सैल करतात. एका बाजूच्या सगळ्या शाखा एकत्र धरून बूमच्या कडेने पुढे ओढतात आणि जिथे बूम डोलकाठीला मिळतो त्या गूजनेकजवळच्या हुकाखाली अडकवतात. मग मुख्य दोरी पुन्हा ताणली की सगळे जाळे डोलकाठीला चिकटून बसते. दुसऱ्या बाजूलाही तसेच. यासाठी शाखांना हुकापर्यंत पोहोचेल एवढी जादा लांबी द्यावी लागते, आणि मुख्य दोरीचे क्लीटकडचे टोकही तेवढेच लांब ठेवावे लागते. घाईत दोरी कापणारे नेमके हेच विसरतात. शीड उतरवायच्या आधी हुकातून शाखा सोडून दोन्ही बाजू सारख्या ताणायच्या, टॉपिंग लिफ्ट किंवा बूमचा टेकू देणारा दांडा भार घेतो आहे याची खात्री करायची, आणि मगच हॅलयार्ड सोडायचा. बूमचे वजन लेझी जॅकवर कधीही टाकू नये. या दोऱ्या कापडापुरत्याच असतात, त्यांच्यावर भार आला तर आधी त्यांना बूमवर धरणाऱ्या लहान पट्ट्या उखडतात आणि मग बूम खाली येतो.

जाळे काढून न ठेवता चालवायचे असेल, तर प्रवासात ते सैल सोडलेले हवे. ताणलेली दोरी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला फुगलेल्या शिडात खोल रेघ पाडते, आकार बिघडवते आणि एकाच जागी घासून टाके उसवते. दोऱ्यांचा जोड शिडाला जिथे टेकतो ती जागा हंगामातून एकदोनदा बोटाने चाचपून पाहावी.

गेल्या काही दशकांत लेझी जॅकला बूमवर बसवलेली कापडी पिशवी जोडण्याची पद्धत चांगलीच पसरली आहे. शीड पिशवीतच पडते, वरची चेन (झिप) ओढली की आवरण तयार. नौका भाड्याने देणारे ती हमखास लावतात, कारण नवख्या माणसालाही जमते. पण पिशवी दोऱ्यांनीच उभी असते, त्यामुळे जाळे पुढे ओढून ठेवणे अवघड होते आणि चढवताना बॅटन अडकण्याचा प्रश्न तसाच राहतो. डचमन नावाच्या पद्धतीत बाजूच्या दोऱ्याच नसतात. टॉपिंग लिफ्टवरून उभे तंतू शिडातल्या छिद्रांतून ओवून खाली आणतात आणि शीड त्यांच्यावर डावी-उजवी घडी घालत उतरते. बॅटन अडकायला काही उरत नाही, पण त्यासाठी शिडात छिद्रे पाडावी लागतात आणि आवरणातही तंतूंसाठी चिरा ठेवाव्या लागतात. पूर्ण लांबीच्या बॅटन असलेले शीड कोणत्याही पद्धतीत नीट घडी पडते, कारण पट्ट्या बूमला समांतर बसतात. आखूड बॅटनचे मऊ शीड लेझी जॅकमध्येही ढिगासारखे पडते, आणि आवरण चढवण्याआधी ते हाताने सारखे करावेच लागते.